मिस्त्री आणि मागच्या गोळ्याचं तेल

आमच्या कुंभारवाड्यात पहिली मोटार आली त्या दिवशी सगळा गाव मोटारीभोवती जमला होता. मी मात्र मोटारीतनं उतरलेल्या माणसाकडं बघत होते, कारण तो जेवायला माझ्याच खानावळीत येणार होता. उंच, वाळका माणूस. कानांवर केस, नखांत काळी रेघ, आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी टाकून बोलून गेलंय. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत होते. पाटावर बसले. मी आमटी वाढली. त्यांनी आमटीवरचा तवंग बोटाला लावला, अंगठ्यावर चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "अक्का, तेल जुनं हाय."

माझं डोकं सणकलं. "जेवायचं तर जेवा, न्हाईतर उठा. माझ्या तेलाला नावं ठिवायला आजवर कोण आलं न्हवतं."

ते मुकाट जेवले. पण तेल जुनं होतं, हे मलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी नवा डबा फोडला. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, चोळलं, आणि काहीच बोलले नाहीत. मिस्त्री बोलले नाहीत म्हणजे चांगलं, हे मला त्या दिवशी कळलं.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे मनात ठेवून बोलायला नको. ह्या माणसाजवळ घर नव्हतं, शेत नव्हतं, बायकोपोरं नव्हती. होतं ते एकच. मिस्त्रींचं तेल कधी चुकत नाही, त्यांच्या मोटारीत डोळे मिटून बसावं, एवढं नाव. लोंढ्यापासून आमच्यापर्यंत लोक ते बोलून दाखवायचे. ते नाव माझ्यामुळं गेलं. आजवर मी कुणापुढं तोंड उघडलेलं नाही. आता मिस्त्री राहिले नाहीत आणि माझेही दिवस भरत आलेत, म्हणून बोलते.

मोटार लोंढ्याहून निघायची आणि जगलबेट, सुपं करत दुपारी आमच्याकडं यायची. दसऱ्यानंतर रस्ता वाळला की सुरू, मिरगाच्या आत बंद. मालक लोंढ्याला असायचे. चालवायची मिस्त्रींनी, दुरुस्तही मिस्त्रींनीच करायची. मुक्कामाला ती माझ्या अंगणात फणसाखाली उभी राहायची, आणि तिच्याखाली दोन पाय बाहेर काढून मिस्त्री उताणे पडलेले असायचे. मी विधवा बाई, अंगणात सदा परक्या माणसाचे पाय. सुरुवातीला लोक काय काय बोलले. मग त्यांनाही कळलं की ह्या माणसाला बाईमाणूस आणि बापयामाणूस ह्यातला फरक ठाऊक नाही. मोटार आणि मोटार नव्हे, एवढंच ठाऊक.

मोटारीतही त्यांचा जीव इंजिनावर नव्हता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध दांड्यावर एक लोखंडी गोळा असतो, भोपळ्याएवढा. त्यात दातऱ्या चाकांची जोडणी असते. वळणावर आतलं चाक कमी चालतं, बाहेरचं जास्त चालतं, आणि दोघांची समजूत काढायची ती ह्या गोळ्यानं. मिस्त्रींनी मला ते माझ्या दोन जावांचं उदाहरण देऊन सांगितलं होतं, आणि खरं सांगते, इतकं नीट मला दुसरं काही कुणी समजावलं नाही. गोळ्यातली दातरी चाकं तेलात बुडून फिरतात. तेल कमी झालं की एकमेकांना खातात.

"पुढं इंजिन ओरडतंय, त्येचं समदी ऐकत्यात," मिस्त्री म्हणायचे. "मागं ह्यो गोळा समद्या गाडीचं ओझं वढतोय, त्येच्याकडं कोण वाकून तरी बघतंय काय?"

"तुम्ही बघताय की."

"म्या बघतोय."

एवढं बोलले की त्या दिवसाचं त्यांचं बोलणं संपलं.

हा नाद त्यांना पहिल्या मोठ्या लढाईत लागला. बेळगावकडची कितीतरी पोरं तेव्हा दर्यापार बसऱ्याला गेली होती, त्यांत हे मोटारी दुरुस्त करायला. तिथलं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. वाळूत एक लॉरी अडकली होती, आत आजारी शिपाई होते. गोळ्यात तेल नव्हतं, दाते झिजून गेले, लॉरी जागची हलली नाही. दोन दिवसांनी लोक पोचले तेव्हा आत कुणी जिवंत नव्हतं.

"तेल घालायचं काम ज्येचं हुतं, तो माझ्या शेजारीच झोपायचा," मिस्त्री म्हणाले. "त्या दिसापासनं त्येच्याशी कोण बोललं न्हाई. त्येनं बी कुणाशी बोलायचं सोडलं."

"मग काय झालं त्याचं?"

"काय हुयाचं? आला असंल गावाकडं."

माझ्या पडवीच्या फळीवर त्यांच्या तीन बाटल्या असायच्या. एकीत रेल्वेच्या इंजिनाला घालतात त्या जातीचं जाड, काळं तेल. दुसरीत पातळ, पिवळसर. तिसरीत दोन्हींचं मिश्रण, आणि ते दर महिन्याला बदलायचं. थंडीत भल्या सकाळी तिन्ही बाटल्या उखळाजवळ दगडावर ठेवायचे, त्यांना चांगलं गारठू द्यायचे, मग एकेक आडवी करून तेल काचेवरनं कसं सरकतं ते बघत बसायचे. तोंडानं आकडे मोजायचे. पंधराच्या आत खाली आलं तर पातळ, तिसाच्या वर गेलं तर जाड. मी भाकरी थापता थापता बघायची. जाड तेल थंडीत काकवीसारखं बसतं, दाते त्यात नुसती वाट पाडून कोरडेच फिरतात. आणि पातळ तेल घाटात तापलं की पाण्यासारखं होतं, कडेकडेनं वाट काढतं. "आपल्या हितं सकाळी थंडी आन् दुपारी घाट," मिस्त्री म्हणायचे, "म्हंजे दोन्हीकडनं मार. बेळगावातल्या गाडीला आसला तरास न्हाई." म्हणून ते मिश्रण. त्याचं माप त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं असेल, पण मला कळलं नाही.

तेल बदलायचा दिवस म्हणजे त्यांचा सणच. आधी मोटार दोन मैल पळवून आणायचे. गार तेल घाण सोडत नाही म्हणे, गरम असतानाच काढायचं. मग खालचं बूच काढून घमेल्यात काळी धार सोडायची आणि ती तुटेपर्यंत तिथंच उकिडवं बसायचं. जेवायला हाक मारली तरी उठायचं नाही. ते जुनं तेल जुन्या धोतराच्या तुकड्यातनं गाळायचे आणि फडक्यावर काय राहिलं ते उन्हात धरून बघायचे. पिवळी चमक, म्हणजे पितळेचा कीस, दिसला तर कपाळाला आठी. पांढरी, म्हणजे दात्यांचंच लोखंड, दिसली तर जेवणच नाही. एक लोहचुंबक होता, तो फडक्यावरनं फिरवायचे. गाळलेलं तेल गावातल्या बैलगाडीवाल्यांना चाकांच्या आसाला द्यायचे. म्हशीच्या जखमेला लावायला कुणी मागितलं तर मात्र अंगावर धावून जायचे, आणि ह्यावरनं आमच्या गावात दोन भांडणं झाली.

एकदा गोळ्यातनं घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मालक लोंढ्याहून मुद्दाम आले. म्हणाले, "मिस्त्री, हितं लाकडाच्या गिरणीत भुसा काय कमी हाय? मूठभर चाळून घाला गोळ्यात. आवाज गप्प. समदे ड्रायवर आसंच करत्यात."

मिस्त्री मालकासमोर कधी मान वर करत नसत. त्या दिवशी केली. "गप बसवायला तो काय शाळेतला पोरगा हाय? ओरडालंय म्हंजे दुखालंय त्येला."

चार दिवस मोटार उभी केली. गोळा उघडला, आत काय काय केलं देव जाणे, पण आवाज गेला. मालक चार दिवस फणफणत होते. ही गोष्ट मग सगळीकडं झाली. आमच्या कुणबी मावश्या, ज्यांनी आयुष्यात बैलगाडीशिवाय काही बघितलं नव्हतं, त्याही मोटारीत बसायच्या आधी विचारायच्या, "मिस्त्रीच हायत न्हवं?" मिस्त्री असले की चढायच्या.

त्यांच्या मापाचं आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोळ्याच्या वरच्या अंगाला एक भोक, त्याला पितळी बूच. रोज सकाळी मोटार सुरू करायच्या आधी मिस्त्री खाली शिरायचे, बूच काढून करंगळी आत घालायचे. दुसऱ्या पेराला तेल लागलं पाहिजे. "वर न्हाई, खाली न्हाई." खाली गेलं तर काय होतं ते मला कळत होतं. वर गेलं तर काय बिघडतं, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, जास्तीचं तेल दांड्याच्या नळीतनं चाकाकडं चालतं, आणि ब्रेकाच्या पट्ट्या चाकातच असतात. मी "बरं" म्हणाले आणि कालवणात मीठ घातलं. ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. तेल जास्त झालं म्हणून कुणाचं वाईट झाल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

माझी एकुलती एक लेक बाजारकुणंगला दिली होती. पहिलटकरीण. तिच्या पोटात दुखायला लागलं आणि दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईणीनं हात टेकले. जावई पळत माझ्याकडं आला तेव्हा मोटार अंगणात होती. ती मिस्त्रींची विसाव्याची पाळी, मालकाचा हुकूम नव्हता. मी काही बोलायच्या आधीच मिस्त्री मोटारीखाली शिरले, करंगळी घालून बघितली आणि म्हणाले, "बसा." लेकीला गाडीवाटेनं खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणली. त्या खड्ड्यांतनं त्यांनी मोटार अशी नेली, की मांडीवरचं तिचं डोकं हललं नाही. लोंढ्याला रेल्वे मिळाली, बेळगावच्या दवाखान्यात नेली. लेक वाचली, नात झाली.

त्या मोटारीत, जगलबेटाच्या आसपास, लेकीचे हात गार पडायला लागले होते. तेव्हा मी उळवीच्या देवाला नवस बोलले. काय बोलले, तर लेक सुटू दे, जत्रेला येताना ह्या मोटारीच्या आसाला तांब्याभर तेल घालीन.

दुसरा काय नवस सुचणार मला? आमच्याकडं उळवीच्या जत्रेला गाडी निघायच्या आधी घरच्या बाईनं आसाला तेल घालायचं असतं. बापयानं नाही, बाईनंच. दोन्ही चाकांच्या मुळाशी हातानं तेल सोडायचं, हळदीकुंकू वाहायचं, मग गाडी उंबऱ्यासमोरनं हलते. तेल हात आखडून घालायचं नसतं. जास्त झालं तर गळून जातं, मातीत जिरतं. माझ्या सासूनं घातलं, मी घातलं. बाईनं तेल न घालता निघालेली गाडी आमच्या गावानं बघितलेली नाही.

माघात जत्रा आली. जत्रेपुरती वाट साफ करून मोटार उळवीच्या जवळपर्यंत जायची. आदल्या दिवशी मिस्त्रींनी गोळ्याचं तेल बदललं. चढ आणि माणसांचा भार, म्हणून त्यांनी जरा जाड मिश्रण निवडलं होतं. तीन सकाळी बाटल्या आडव्या करून करून निवडलं. गोळा रॉकेलनं धुतला, चाक हातानं फिरवून सगळं रॉकेल निथळू दिलं, मगच नवं तेल ओतलं. करंगळी घातली, थेंबभर काढलं, पुन्हा घातली. बुचाला सुतळी गुंडाळून पान्यानं आवळलं. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. स्वतःहून म्हणाले, "अक्का, उद्या गाडी लोण्यासारखी जाईल."

तोच मोका साधून मी म्हणाले, "मिस्त्री, माझा नवस हाय. तांब्याभर तेल घालायचंय."

"चाकाला लावा की. कुंकू लावा, नारळ फोडा."

"चाकाला न्हवं. आसाला. तुमचा आस गोळ्यात हाय."

ते हसले. हसणारा माणूस नव्हे तो, पण हसले. "गोळ्यात न्हाई, अक्का. देव समजून घील." आणि टॉवेल घेऊन व्हाळावर आंघोळीला गेले.

देव समजून घेईल! देव समजून घेतो की नाही, हे त्यांना काय ठाऊक? लेक त्यांची नव्हती. ओसरीवर ती बसली होती, मांडीवर नात, आणि मला काही सुचेना. नवस फेडला नाही आणि पोरीला काही झालं तर? पाना माझ्याच चुलीमागं ठेवलेला असायचा. घरात कारवारकडनं आलेलं चांगलं खोबरेल होतं. थंडीनं गोठून पांढरं झालं होतं, ते मी चुलीवर पातळ केलं. अंगणात कुणी नव्हतं. मी मोटारीखाली शिरले, देवाचं नाव घेतलं आणि बूच काढून सगळा तांब्या आत ओतला. सगळा. हात आखडला नाही. बूच जसं होतं तसं सुतळी गुंडाळून आवळलं. बाहेर आले आणि गोळ्याला कुंकू लावलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मिस्त्रींनी परत येऊन ते कुंकू बघितलं आणि टॉवेल फणसावर वाळत घातला.

सकाळी यात्रेकरूंची झुंबड उडाली. खानापूरकडचे शेतकरी, कानडी मुलखातले लोक, गाठोडी, पोरं. मागच्या फळीवरसुद्धा माणसं बसली. मिस्त्री मोटारीखाली जायला वाकले, तेवढ्यात कुणीतरी म्हातारीला वर घ्यायला हाक मारली. ते उठले. कालच तर स्वतःच्या हातानं तेल घातलं होतं, आवळलं होतं. ती एक सकाळ त्यांनी करंगळी घातली नाही.

मी पुढं बसले होते, लेक आणि नात शेजारी. चढ नीट चढलो. थंडी होती, तिथपर्यंत खोबरेल आत गोठलेलंच असणार. चढावर गोळा तापला. उळवीच्या अलीकडं उतरण लागली, आणि मला खोबरेलाचा वास आला. आधी वाटलं, कुणा बाईच्या डोक्याचा. मग वास वाढला, तापलेल्या कढईतल्यासारखा. मिस्त्रींनी नाक वर केलं. त्यांचा पाय ब्रेकावर खाली गेला, पुन्हा गेला, हातानं ब्रेकाचा दांडा ओढला, आणि मोटार थांबायची सोडून पळतच सुटली. मागनं एकजण कानडीत ओरडत होता, "निंदरस्रीऽ, निंदरस्रीऽ!" थांबवा, थांबवा म्हणून.

त्या मोटारीत एकच माणूस ओरडत नव्हता. मिस्त्रींनी उजवीकडची दरी बघितली आणि मोटार डावीकडं दरडीवर घातली. आम्ही बायका पुढं डावीकडं बसलेल्या, म्हणून आम्ही आपटू नये अशी मागची बाजू फिरवून घातली. बांबूचं बेट कडकडलं. लेक वाचली, नात वाचली, मला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या फळीवर बसलेला खानापूरकडचा एक म्हातारा फेकला गेला, त्याचं डोकं दगडावर आपटलं. तो तिथंच गेला. मिस्त्रींचा डावा हात दांड्यात सापडून चेचला होता.

तसल्या हातानं ते सरपटत मागच्या चाकापाशी गेले. चाकातनं तेल ठिबकत होतं. उजव्या हाताचं बोट लावलं, चोळलं, वास घेतला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. आजूबाजूला रडारड चालली होती, आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"अक्का. नवस?"

मी मान हलवली.

"किती?"

"तांब्याभर."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता शिव्या देतील, ओरडतील. देऊ देत, मला पाहिजेच होत्या. ते इतकंच म्हणाले, "गप ऱ्हावा. तेल माझं काम. सकाळी बोट घालून बघितलं न्हाई म्या."

दुपारी फौजदार आले. म्हाताऱ्याचा मुलगा तिथंच बसला होता, बापाचा फेटा मांडीवर घेऊन. मी दहा हातांवर उभी होते, लेकीला धरून.

"ब्रेकात तेल कसं आलं?"

"गोळ्यात जास्ती झालं हुतं."

"कुणी घातलं?"

"म्या."

"का? किती वर्सं हे काम करताय तुम्ही?"

मिस्त्रींनी स्वतःच्या करंगळीकडं बघितलं. काय सांगणार? जन्मात ते त्यांनी कधी केलंच नव्हतं. म्हाताऱ्याचा मुलगा उठला आणि त्यांच्या तोंडात मारली. मिस्त्री तसेच उभे राहिले. मी एक पाऊल पुढं टाकलं होतं, हे देवाशप्पथ खरं. मग नात रडायला लागली आणि मी तिला घ्यायला वळले. ती नुसती भुकेली होती, आईजवळच होती. मी वळायची काही गरज नव्हती. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

मिस्त्रींना कारवारच्या तुरुंगात सहा महिने सजा झाली. सुटून आले ते आमच्याकडंच आले, दुसरीकडं कुठं जाणार? डावा हात वाळला होता. लाकडाच्या गिरणीमागं एक खोपटं बांधून राहिले. मालकानं नवा ड्रायव्हर ठेवला होता, तो गोळ्यात भुसा घालायचा. मोटार गावात शिरली की मिस्त्री गिरणीच्या दाराशी येऊन कान देऊन उभे राहायचे आणि आत जायचे. जत्रेच्या दिवसांत त्यांनी गाडीवाल्यांना आसाला तेल घालून देतो म्हटलं. लोक म्हणाले, "नगं मिस्त्री, आमचं आम्ही घालतो." तेही कुत्सितपणानं नव्हे, अगदी समजुतीनं. ते जास्त वाईट.

मी दोन वेळा जेवायला घालायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी दयाळू. दर घासाला मनात यायचं की आज सांगेन, उद्या चारचौघांत सांगेन. एकदा त्यांच्याजवळ तसं बोललेही. "म्या फौजदाराकडं जाऊ काय?" ते म्हणाले, "आता जाऊन काय हुतंय? मेलेला माणूस उठतोय व्हय?" मला हायसं वाटलं. हे सांगवत नाही, पण हायसं वाटलं.

आणि ह्या सगळ्यात गावात एक बोलणं पडलं. कुणी दिव्यात तेल सांडलं, कुणी डोक्याला जास्त थापलं, की लोक म्हणायचे, "मिस्त्री झालास काय रे?" पोरं म्हणायला लागली, मग मोठी. सुप्याच्या बाजारात म्हणायचे. ज्यांनी मिस्त्रींना बघितलं नव्हतं, तेही म्हणायचे. पेराच्या मापानं तेल घालणारा माणूस, आणि बेसुमार ओतणाऱ्याला त्याचं नाव लागलं.

दहा-बारा वर्षं अशीच गेली. एके वर्षी लेक माहेरपणाला आली होती. मिस्त्री पडवीत पत्रावळ घेऊन जेवायला बसले होते, मध्ये फक्त कुडाची भिंत. मी आमटीला फोडणी देत होते. बुधली कलंडली, आणि तेल भसकन कढईत पडलं.

"आई!" लेक हसत सुटली. "मिस्त्री झालीस काय गं?"

तिचा काय दोष? तिला काय ठाऊक? भिंतीपलीकडं पानाचा आवाज थांबला. मला तेव्हाच, तिथल्या तिथं सांगता आलं असतं. लेकीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. एक वाक्य. तिनं मला काय टाकून दिलं असतं?

मी हसले. लेकीबरोबर मीही हसले, चांगली मोठ्यानं.

आमटी घेऊन बाहेर गेले तेव्हा मिस्त्रींनी पत्रावळ दुमडली होती. भात तसाच होता. "पुरे, अक्का," म्हणाले आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडं जेवायला आले नाहीत.